पाठवायला घेतलं की सगळं का अडतं? अपलोडच्या अरुंद वाटेबद्दल

आज आपण एका रोजच्या तक्रारीबद्दल बोलणार आहोत. "नेट तसं चांगलं आहे हो, सिनेमा अडकत नाही. पण एखादी मोठी फाइल पाठवायला घेतली की सगळं ठप्प होतं." दवाखाने, शाळा, छापखाने, फोटो स्टुडिओ अशा ठिकाणी आम्ही तिघं मिळून नेटवर्कची कामं करतो, आणि ही तक्रार आम्हाला जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकू येते. बहुतेक लोक त्यावर एकच उपाय करतात, तो म्हणजे जास्त पैशांचा प्लॅन घेणं. काही वेळा त्याने काम होतं. पुष्कळ वेळा होत नाही, कारण मूळ दुखणं दुसरीकडेच असतं.

एका प्रसंगापासून सुरुवात करू. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावातल्या सीटी स्कॅन केंद्रातून आम्हाला बोलावणं आलं. केंद्रात मशिन होतं, तंत्रज्ञ होते, पण रात्री रेडिओलॉजिस्ट नसायचे. स्कॅनच्या प्रतिमा शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवायच्या, त्यांनी घरी बसून बघायच्या आणि अहवाल द्यायचा, अशी व्यवस्था होती. आदल्या रात्री मोटरसायकलच्या अपघातातला एक तरुण आला होता. डोकं आणि मानेचा स्कॅन दहा मिनिटांत झाला. प्रतिमा पोहोचायला तासाहून जास्त वेळ लागला. नातेवाईक दर पाच मिनिटांनी विचारायचे, "दादा, अजून किती वेळ?" तंत्रज्ञ डॉक्टरांना इंटरनेटवरून फोन लावायचे, तर आवाज तुटायचा. शेवटी अहवालाची वाट न बघता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवलं, आणि ते बरोबरच केलं. पण केंद्राच्या मालकांचा प्रश्न साधा होता: "दहा मिनिटांच्या स्कॅनला पाठवणीचा तास का लागावा?"

त्यांची लाइन केबलवरून आलेली होती. खाली येण्याचा वेग २० एमबीपीएस, वर जाण्याचा २. त्यांना २० हा आकडा पाठ होता. २ हा आकडा त्यांनी आमच्याबरोबर पहिल्यांदा पाहिला.

वर जाण्याची वाट अरुंद का असते?

आधी हे समजून घेऊ, की कुणी आपल्याला मुद्दाम फसवलंय असं नाही. अशा असमान लाइनमागे खरी तांत्रिक कारणं होती आणि काही ठिकाणी आजही आहेत.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून चालणारं एडीएसएल घ्या. त्याच्या नावातल्या 'ए' चा अर्थच असमान. ही कल्पना मांडली अमेरिकेतल्या बेलकोर या संस्थेतले अभियंता जोसेफ लेक्लायडर यांनी. त्यांचा मुद्दा असा होता. टेलिफोन एक्स्चेंजपाशी शेकडो घरांच्या तारा एका जुडग्यात येतात. घरातून निघालेला संकेत तिथे पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो, आणि शेजारच्याच तारेवर एक्स्चेंजमधून बाहेर पडणारा संकेत ताजा आणि जोरदार असतो. बाजारात शेजारी कुणी ओरडत असताना लांबच्या माणसाची कुजबुज ऐकायची, तसं ते होतं. दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडला, तर हा गोंधळ खूप कमी होतो आणि खाली येणारा वेग चांगला वाढवता येतो. लोक तेव्हा घेणार जास्त आणि देणार कमी, हेही उघड होतं.

म्हणून एडीएसएलमध्ये ४ किलोहर्ट्झपर्यंत बोलणं, साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ वर जाण्यासाठी आणि त्यापुढे ११०४ किलोहर्ट्झपर्यंत खाली येण्यासाठी, अशी वाटणी झाली. वर जाणाऱ्याच्या वाट्याला आलेली पट्टी किती लहान आहे, ते या आकड्यांवरूनच कळतं. केबलच्या लाइनचंही तसंच. ती तार मुळात टीव्हीचे चॅनेल घरी आणण्यासाठी टाकलेली. अमेरिकेतल्या पद्धतीत वर जाण्यासाठी ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच जागा ठेवली गेली, आणि तीही सगळ्या गल्लीने वाटून घ्यायची. मोबाइलमध्ये टॉवर दहा-दहा वॅटच्या पटीत शक्ती वापरतो, तर तुमच्या हातातला फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॅट.

फायबरची गोष्ट थोडी वेगळी. घरोघरी येणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका काचेच्या धाग्यावर खाली जवळपास २.५ गिगाबिट आणि वर जवळपास १.२५ गिगाबिट जागा असते, आणि ती अनेक घरांत वाटली जाते. म्हणजे तिथे फरक दुपटीचाच आहे. फायबर असूनही कुणी खाली १०० आणि वर १० देत असेल, तर ते भौतिकशास्त्रामुळे नाही. तो प्लॅन आखणाऱ्याचा निर्णय आहे. असा प्लॅन असेल, तर दोन्ही दिशांना सारखा वेग मिळतो का हे आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी मिळतो.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या केली गेली: किमान २५६ केबीपीएस डाउनलोड. २०१३ मध्ये ते ५१२ झालं, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. तिन्ही वेळा आकडा डाउनलोडचाच आहे. अपलोड किमान किती असावं, याबद्दल त्या व्याख्येत काही नाही. मग ग्राहकाला तो आकडा माहीत नसतो, यात नवल ते काय?

आधी हिशेब, मग उपाय

केंद्राकडे परत जाऊ. सीटीची एक प्रतिमा, म्हणजे एक स्लाइस, ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची असते. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट. त्या रात्रीच्या स्कॅनमध्ये सगळे संच मिळून सहाशेच्या आसपास स्लाइस होत्या. झाले ३०० मेगाबाइट.

आता इथे एक चूक सगळे करतात. फाइल मोजतात बाइटमध्ये आणि लाइनचा वेग असतो बिटमध्ये. एका बाइटचे आठ बिट. म्हणून ३०० मेगाबाइट म्हणजे २४०० मेगाबिट. भागिले २, म्हणजे १२०० सेकंद. वीस मिनिटं! लाइन पूर्ण मोकळी असली, काहीही बिघडलेलं नसलं, तरीसुद्धा वीस मिनिटं. हा आकडा आधी कळला, की आपली अपेक्षा जमिनीवर येते.

पण त्यांना तास लागला होता. वरची चाळीस मिनिटं कुठे गेली?

आम्ही राउटरवर बघितलं, तर त्याच वेळी आणखी दोन जण वर पाठवत होते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर रात्रभर चित्रण दूरच्या सर्व्हरवर चढवत होता, आणि स्वागतकक्षातल्या फोनवर दिवसभराच्या फोटोंचा बॅकअप चालू होता. २ एमबीपीएसचे तीन वाटेकरी! आणि वाटपाचा नियम असा काही नव्हताच. अपघातातल्या माणसाच्या मेंदूचा स्कॅन आणि पार्किंगमधल्या रिकाम्या जागेचं चित्रण, लाइनच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

इथपर्यंतचं समजायला सोपं आहे. पण फोनवरचा आवाज का तुटत होता? आवाजाला तर १०० केबीपीएससुद्धा पुरतात. इथे आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा येतो.

रांग कुठे लागते?

तुम्हीही करून बघा अशी एक साधी चाचणी सांगतो. संगणकावर पिंग सुरू करा. पिंग म्हणजे एक छोटासा निरोप पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. केंद्रात लाइन मोकळी असताना उत्तर ३० मिलिसेकंदांत येत होतं. मग एक मोठी फाइल पाठवायला लावली. आकडा चढत चढत ११०० मिलिसेकंदांवर गेला. एक सेकंदाहून जास्त! आपण "हॅलो" म्हणायचं आणि उत्तर सेकंदाने ऐकू यायचं, अशा लाइनवर संभाषण होणार कसं?

हा सेकंद कुठे जात होता? मोडेममध्ये. मोडेममध्ये थोडी मेमरी असते, तिला बफर म्हणतात. आतून पॅकेट भराभर येतात, बाहेर सावकाश जातात, म्हणून मधे थांबायला जागा लागते. समजा ही जागा २५६ किलोबाइट आहे. म्हणजे सुमारे २ मेगाबिट. बाहेर जाण्याचा वेग २ एमबीपीएस. म्हणजे भरलेला बफर रिकामा व्हायला एक सेकंद लागणार. नंतर आलेलं प्रत्येक पॅकेट, मग ते स्कॅनचं असो, आवाजाचं असो की पिंगचं असो, त्या रांगेच्या शेवटी उभं राहणार आणि एक सेकंद थांबणार. लाइन १ एमबीपीएसची असती, तर तोच मोडेम दोन सेकंद थांबवता.

टोलनाक्याचं उदाहरण घ्या. नाक्यावर एकच खिडकी आहे आणि रांगेसाठी दोन किलोमीटर रस्ता मोकळा आहे. ट्रकवाले येत राहतात, जागा आहे म्हणून उभे राहत राहतात. मागून रुग्णवाहिका आली, तरी तिला दोन किलोमीटरच्या रांगेतूनच जायचं. रस्ता लांब ठेवला म्हणून खिडकीचं काम काही वेगाने होत नाही. फक्त वाट बघणं वाढतं.

मग पाठवणारे संगणक थांबत का नाहीत? त्यामागे जुना इतिहास आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले इथे लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ केबीपीएसवरून थेट ४० बिट प्रतिसेकंदावर कोसळला. अंतर होतं चारशे यार्ड. कारण, सगळेच संगणक गर्दी न बघता पाठवत सुटले होते. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर अभ्यास करून १९८८ मध्ये उपाय मांडला. पॅकेट हरवलं, की गर्दी झाली असं समजायचं आणि वेग कमी करायचा. इंटरनेट आजही मुख्यतः त्याच तत्त्वावर चालतं.

पुढे मेमरी स्वस्त झाली. उपकरणं बनवणाऱ्यांना वाटलं, पॅकेट हरवणं वाईट, म्हणून मोठे बफर टाका. आता पॅकेट हरवतच नाही, नुसतं रांगेत थांबतं. पाठवणाऱ्याला कळतच नाही की पुढे गर्दी आहे. तो पाठवत राहतो आणि रांग कायम भरलेली राहते.

ही गोष्ट २०१० मध्ये चव्हाट्यावर आणली जिम गेटिस यांनी. ते स्वतः नामवंत संगणकतज्ज्ञ. घरून मोठ्या फायली दूरच्या संगणकाकडे पाठवत असताना घरातली मुलं नेट हळू झाल्याची तक्रार करू लागली. त्यांनी मोजलं, तर विलंब सेकंदापेक्षा वर गेलेला. त्यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. आपण त्याला 'बफर फुगणं' म्हणू. मंडळी, ज्या माणसाने आयुष्यभर नेटवर्क आणि संगणकात काम केलं, त्याच्या घरीही हेच होतं. तेव्हा तुमच्या घरी होतं म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

वर अडलं की खालीही का अडतं?

आता त्या तक्रारीचं उरलेलं अर्धं: पाठवायला घेतलं की साधं पान उघडणंही का बंद पडतं?

कारण डाउनलोडलाही अपलोड लागतो. समोरून माल आला, की आपला संगणक त्याची पोच देतो. साधारण दोन पॅकेटमागे एक पोचपावती. ती पावती वेळेवर मिळाली नाही, तर समोरचा पुढचा माल पाठवायचा थांबतो.

हिशेब करू. २० एमबीपीएसने माल येतोय, एक पॅकेट १५०० बाइटचं. म्हणजे सेकंदाला सुमारे १६६७ पॅकेट. त्यांच्या पावत्या सुमारे ८३३. एक पावती तारेवर किमान ६४ बाइट धरली, तर सेकंदाला जवळपास ४२७ किलोबिट झाले. २ एमबीपीएसच्या अपलोडमधला पाचवा हिस्सा नुसत्या पावत्यांत गेला!

जुन्या एडीएसएलवर तर आणखी वाईट. तिथे सगळं ५३ बाइटच्या ठरलेल्या डब्यांत भरून जातं. एका छोट्या पावतीला दोन डबे लागतात, म्हणजे १०६ बाइट. खाली ८ एमबीपीएस आणि वर ५१२ केबीपीएस अशा लाइनवर पावत्याच २८० केबीपीएसच्या पुढे जातात. निम्म्याहून जास्त!

या पावत्या जर त्या एका सेकंदाच्या रांगेत अडकल्या, तर डाउनलोडही गळपटतो. म्हणून "नेट बंद पडलं" असं वाटतं. ते बंद पडलेलं नसतं. पोचपावत्या रांगेत उभ्या असतात.

उपाय: रांग आपल्या हाताखाली आणा

उपायाचं तत्त्व एका वाक्यात सांगतो. मोडेममधली रांग आपल्या ताब्यात नाही, म्हणून ती तिथे लागूच द्यायची नाही. रांग आपल्या राउटरमध्ये लावायची, जिथे आपले नियम चालतात.

ते कसं करायचं? राउटरला सांगायचं, की मोडेमला जेवढं झेपतं त्यापेक्षा थोडं कमीच पाठव. नाक्याच्या अलीकडे आपला माणूस उभा करायचा आणि खिडकी जेवढ्या गाड्या सोडते त्यापेक्षा जरा कमी गाड्या पुढे जाऊ द्यायच्या. नाक्यावर मग रांगच लागत नाही. रांग आपल्या माणसासमोर लागते, आणि रुग्णवाहिकेला पुढे घ्यायचं की नाही हे तो ठरवू शकतो.

रांग सांभाळण्याच्या चांगल्या पद्धती आता तयार आणि मोफत आहेत. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडल' ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती बघत नाही. पॅकेट किती वेळ थांबलं, ते बघते. थांबणं १०० मिलिसेकंदांच्या कालावधीत सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं, की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देते. पाठवणाऱ्याला गर्दीची सूचना मिळते, तो हात आखडता घेतो, आणि टाकलेलं पॅकेट पुन्हा पाठवतो. माल हरवत नाही. 'एफक्यू-कोडल' ही तिची पुढची पायरी. प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग लावायची आणि सगळ्यांना आळीपाळीने सोडायचं. त्यामुळे आवाजाची चिमुकली पॅकेट स्कॅनच्या ढिगामागे अडकत नाहीत. त्याही पुढची 'केक' नावाची पद्धत २०१८ पासून लिनक्समध्ये आहे. ती प्रत्येक यंत्राला समान वाटा देऊ शकते आणि फालतू पोचपावत्या गाळूही शकते.

प्रत्यक्षात पायऱ्या अशा:

१. दिवसातून तीन-चार वेगवेगळ्या वेळी अपलोडचा वेग मोजा. तारेने जोडलेल्या संगणकावरून मोजा, वायफायवरून नको. सर्वात कमी पण नेहमी मिळणारा आकडा धरा.

२. राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' असं काही आहे का बघा. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर हे मिळतं. राउटर घेण्याआधी तो त्यांच्या यादीत आहे का, हे पाहून घ्या.

३. अपलोडची मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. एडीएसएल असेल, तर त्या ५३ बाइटच्या डब्यांचा हिशेब धरण्याची सोय त्याच सेटिंगमध्ये असते, ती निवडा.

४. फाइल पाठवत असताना पुन्हा पिंग बघा. आकडा चढत असेल, तर मर्यादा आणखी थोडी उतरवा. स्थिर असेल, तर थोडी चढवून बघा.

केंद्रात आम्ही १.७ एमबीपीएस ठेवले. पाठवणी चालू असताना पिंग ११०० वरून ४५ मिलिसेकंदांवर आलं. मालकांनी लगेच विचारलं, "म्हणजे तुम्ही वेग कमी केलात?" हो, केला! १५ टक्के दिले आणि त्या बदल्यात फोन, पानं, पावत्या, सगळं परत मिळवलं.

राउटरमध्ये अशी सोय नसेल तर? निराश होऊ नका. बॅकअप घेणाऱ्या बहुतेक प्रोग्राममध्ये अपलोडची मर्यादा घालता येते. ती एकूण वेगाच्या निम्म्यावर ठेवा. शिस्त राउटरने लावली नाही, तर निदान पाठवणाऱ्यानेच लावून घ्यावी.

कमी पाठवा, आणि योग्य क्रमाने पाठवा

पण मंडळी, रांगेची शिस्त लावून २ चे ४ होत नाहीत. म्हणून पुढचं काम पाठवणीचंच.

पहिलं, अनावश्यक पाठवणी थांबवली. डीव्हीआरला स्थानिक डिस्कवर साठवायला लावलं आणि फक्त हालचाल झाली तरच चित्रण वर पाठवायला सांगितलं. फोनचे बॅकअप दुपारी.

दुसरं, आकार कमी केला. वैद्यकीय प्रतिमांचा दर्जा घटवायचा नसतो, पण दर्जा जराही न घटवता त्या दाबता येतात. सीटीच्या बाबतीत आकार साधारण निम्म्यावर येतो. ही सोय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होतीच. ती कुणी सुरू केलेली नव्हती.

तिसरं आणि सर्वात मोलाचं, क्रम बदलला. हे आम्हाला सुचलं नाही, शहरातल्या डॉक्टरांनीच सांगितलं. डोक्यात रक्तस्राव आहे का, हे बघायला पहिल्या नजरेत ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइस पुरतात. त्या जेमतेम तीस. म्हणजे १५ मेगाबाइट, दाबल्यावर साधारण निम्मे. पूर्वी सॉफ्टवेअर सगळे संच एका गठ्ठ्यात पाठवायचं आणि ते तीस त्या सहाशेंत कुठेतरी असायचे. आता ते आधी जातात. १.७ एमबीपीएसवर चाळीस सेकंदांच्या आत! बाकीचं जवळपास दीडशे मेगाबाइट मागाहून दहा-बारा मिनिटांत पोहोचतं, तोवर डॉक्टरांनी पहिला अंदाज फोनवर सांगितलेला असतो. आणि तो फोन आता तुटत नाही.

चौथं, तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होईल अशी पाठवणी. गावाकडे वीज जाते, लाइन जाते. नव्वद टक्क्यांवर तुटून शून्यापासून सुरू होणारी पाठवणी अशा ठिकाणी कामाची नाही. स्लाइस एकेक करून पाठवणारी किंवा फाइलचे तुकडे करणारी पद्धत निवडा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आमच्याकडे फायबर आहे, अपलोड ५० दाखवतं. पण अमेरिकेतल्या सर्व्हरवर व्हिडिओ चढवताना २ च्या पुढे जात नाही. असं का?*

चांगला प्रश्न. इथे लाइन अडवत नाहीये, अंतर अडवतंय. काही जुने प्रोग्राम पोच न मिळता एका वेळी ६४ किलोबाइटच पाठवतात. अमेरिकेहून पोच यायला पाव सेकंद लागला, तर सेकंदाला चारच फेऱ्या. चार गुणिले ६४ किलोबाइट म्हणजे सुमारे २ एमबीपीएस. लाइन ५० ची असो की ५०० ची. नवीन प्रोग्राम वापरा, एकाच वेळी अनेक तुकडे पाठवणारा पर्याय निवडा, किंवा जवळचा सर्व्हर मिळतो का बघा. मुंबईतल्या सर्व्हरला तीच पोच काही मिलिसेकंदांत येते.

*दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या, तर वेग दुप्पट होईल का?*

एक फाइल, एक जोडणी असेल तर साधारणपणे नाही. ती एकाच लाइनवरून जाते. पण स्कॅन एका लाइनवर आणि बाकी सगळं दुसऱ्या लाइनवर, अशी वाटणी करता येते. शिवाय एक बंद पडली तर दुसरी असते. दवाखान्यासाठी आम्ही तेवढ्याचसाठी दुसरी लाइन सुचवतो.

*आमच्या वाडीत फक्त मोबाइलचं नेट आहे. तिथे काय करावं?*

फोन खिडकीत किंवा गच्चीवर ठेवा. गंमत वाटेल, पण फोनची शक्ती कमी असल्यामुळे जागेचा फरक डाउनलोडपेक्षा अपलोडमध्ये जास्त दिसतो. संगणक वायफायऐवजी केबलने फोनला जोडा. मोबाइलचा वेग सतत बदलतो, म्हणून मर्यादा घालायचीच असेल तर ती बरीच खाली ठेवावी लागते. आणि मोठी पाठवणी पहाटे करा, टॉवरवर गर्दी नसते.

शेवटी एवढंच. आज घरी गेल्यावर नवीन प्लॅनची चौकशी करण्याआधी ती दोन मिनिटांची पिंगची चाचणी करा. एकदा मोकळ्या लाइनवर, एकदा फाइल पाठवताना. आकडा तीसचा चाळीस झाला, तर तुमची लाइन ठीक आहे, फक्त लहान आहे, आणि मोठी घ्यायला हरकत नाही. तीसचा हजार झाला, तर आधी रांग दुरुस्त करा. त्या केंद्राने आजवर प्लॅन बदललेला नाही. २ एमबीपीएसचं अपलोड आहे ते तेवढंच आहे.